बालाघाटातून तीन दिवसांची धाव



धावणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शाळेचे मैदान उभे राहते. चुन्याने आखलेल्या रेषा, गुरुजींच्या तोंडात शिट्टी, आणि शेवटी पहिला, दुसरा, तिसरा. चौथा कोण आला हे कुणी विचारीत नाही. आज मला ज्या धावण्याविषयी आपणांशी बोलावयाचे आहे, त्यात नंबर नाही, बक्षीस नाही आणि बघ्यांची गर्दीही नाही. पाच-सहा सोबत्यांनी मिळून आपल्याच मुलखातून दोन-तीन दिवस सावकाश धावत जावे, चढ आला की चालावे, भूक लागली की बसावे, रात्री एखाद्या देवळात किंवा शाळेत मुक्काम करावा, असे हे धावणे आहे. गेल्या वर्षी कपिलधारची कार्तिकी यात्रा उरकल्यावर आम्ही सहा जण बीडहून असे निघालो आणि तिसऱ्या दिवशी सौताड्याला पोचलो. वाट सत्तर किलोमीटरांच्या आसपास झाली. त्या वाटेने काय शिकविले, तेवढेच आज सांगतो.

प्रथम आपला मुलूख ध्यानात घेऊ. बीड जिल्ह्याचे दोन भाग आपण बोलताना नेहमी करतो. उत्तरेला गोदावरीच्या काठची गंगथडी, म्हणजे गेवराई-माजलगावची काळी, सखल जमीन. आणि दक्षिणेला बालाघाटाचा उंच, खडकाळ माथा. थडीच्या माणसाला घाटावरचे पाणी माहीत नसते आणि घाटावरच्याला थडीचा चिखल. मोटारीतून घाट चढायला काही मिनिटे लागतात. त्या काही मिनिटांत जमीन बदलते, दगड बदलतो, पीक बदलते, वारा बदलतो. परंतु काच वर केलेल्या गाडीत बसणाऱ्याला त्यातले काही कळत नाही. पायांना मात्र सारे कळते.

आमच्यात कोण कोण होते तेही सांगतो. आम्ही दोघे शिक्षक. एक एस.टी.तले वाहक. एक आरोग्यसेविका, त्यांना सगळे 'सिस्टर' म्हणत. पोलीस भरतीची तयारी करणारा एक तरुण. आणि पन्नाशी ओलांडलेले एक शेतकरी, आमचे तात्या. तात्यांनी जन्मात कधी शर्यत पाहिली नव्हती. पण चौदा हंगाम त्यांनी ऊसतोडीचा कोयता चालविलेला. असा माणूस दमत नाही, हे पुढे कळायचे होते.

पहाटे साडेपाचाला निघालो. बीडच्या दक्षिणेला, सोलापूरच्या रस्त्यालगत खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात ती बांधली. भुयारी पाटाने तिचे पाणी शेतांना मिळत आले आणि दुष्काळातही ती आटत नाही, अशी तिची ख्याती. आमच्यातल्या वाहक मित्राची या रस्त्यावर हजारो वेळा ये-जा झालेली. पण विहिरीच्या काठाशी तो प्रथमच उभा राहिला. "घंटी मारून मारून इथून गाडी पळविली, पण उतरलो नाही कधी," एवढेच तो म्हणाला.

पुढे पालीजवळ बिंदुसरेचे धरण लागते. ते १९५० च्या दशकातले. त्याच्या भिंतीवरून बालाघाटाची रांग नीट दिसते. तिथून आम्ही मोठा रस्ता सोडला आणि गुराख्यांच्या वाटेने मांजरसुंब्याचा डोंगर धरला. चढावर कुणी धावायचे नाही, असा नियम आधीच ठरलेला होता. हात गुडघ्यांवर टेकवून, लहान पावले टाकीत चढायचे. भरतीच्या पोराला हे रुचले नाही. तो भराभर वर गेला आणि माथ्यावर जाऊन आमची वाट पाहत बसला. घामाने भिजलेला तो, वरचा गार वारा आणि वीस मिनिटांची बैठक. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या पोटरीत गोळा आलेला. सिस्टरनी पाय ताणून दिला, मीठ-साखरेचे पाणी पाजले, आणि मग सगळे पुढे निघालो.

माथ्यावर तात्या मात्र बोलता बोलता गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "गुरुजी, चौदा वर्षं मी ह्या घाटातून गेलो. दरसाल जाताना एकदा अन् येताना एकदा. पण जायचो ते रात्रीचं, ट्रकात, भांड्याकुंड्यांवर बसून. पोरं झोपलेली असायची. घाट कसा हाय, ते आज पाहिलं."

श्रोतेहो, हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. आपल्या जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. त्यांच्या पायांना आपला मुलूख ठाऊक असतो तो फक्त सोडून जाताना. मुलांचेही तेच. ज्या वयात ओढे, टेकड्या, वाटा पायांखालून जायच्या, त्या वयात त्यांच्या नशिबी फडातली पाचट असते.

पहिला मुक्काम कपिलधारला केला. डोंगराच्या कपारीत धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधी. कार्तिकी पौर्णिमेला इथे महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, तेलंगणातून पायी दिंड्या येतात. यात्रा होऊन गेलेली, त्यामुळे जागा शांत होती. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी असे जेवण झाले. दिवसभर एवढे धावल्यावर माणूस कसा झोपतो, हे सांगण्याची गरज नाही.

दुसरा दिवस माथ्यावरचा. मांजरसुंब्याहून लिंबागणेश, तिथून नायगावच्या बाजूने पाटोदा. वाटेत एका बाजूला शाळू पोटऱ्यात येऊ घातलेला, दुसऱ्या बाजूला तुरीला शेंगा. बांधांवर सीताफळीची झाडे. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपणांपैकी पुष्कळांना माहीत असेल. वर पवनचक्क्या फिरत होत्या. नायगावचा परिसर मोरांसाठी राखलेला आहे. १९९४ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. मोर आम्हांला फार दिसले नाहीत, पण ओरडणे सकाळभर कानांवर येत होते.

एका वाडीत शिरलो तेव्हा निम्म्या घरांना कुलपे होती. ओसरीवर म्हाताऱ्या बसलेल्या आणि त्यांच्याभोवती नातवंडे. सहा माणसे धावत येताना पाहून एक आजी उठून उभीच राहिली. "काय झालं रं लेकरांनो? कुणी मागं लागलंय का?" तिला म्हटले, "नाही आजी, उगीच धावतोय, मुलूख पाहायला." ती म्हणाली, "मुलूख पळून पाहत्यात व्हय? बसा, पाणी प्या." पाणी प्यायलो. शाळेची पोरे जमली आणि निघताना शिवेपर्यंत आमच्या बरोबर धावली, बरीचशी अनवाणी. एका मुलाने मला विचारले, "सर, तुमचा कितवा नंबर हाय?" मी म्हटले, "बाळा, आमच्यात नंबर नसतो." त्याला ते पटले नाही. नंबर नाही तर धावायचे कशाला, असा त्याचा चेहरा झाला.

त्या मुलाचा प्रश्न बरोबर होता, कारण आपण त्याला तेच शिकविले आहे. पहाटे आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही रस्त्यावर जा, कडेने मुले-मुली धावताना दिसतील. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्यासाठी ही लेकरे अंधारात, मालमोटारींच्या उजेडात, एकेकटी धावतात. त्यांच्या कष्टांना मी कमी लेखत नाही. नोकरीवर घर उभे राहते. पण भरती होवो न होवो, त्यानंतर बहुतेकांचे धावणे थांबते. पाच-सहा मिनिटांच्या धावेसाठी कमावलेले पाय पुढे साऱ्या आयुष्यात कशाला वापरायचे, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

आमच्या त्या भरतीच्या तरुणाने दुसऱ्या दिवशी दुपारी आपण होऊन तात्यांच्या मागची जागा घेतली. तात्यांची चाल एकच होती: सकाळी जी, दुपारी तीच. घोटे हलके टेकायचे, हात सैल, श्वास नाकातोंडातून पण बोलता येईल इतका. पोरगा मला म्हणाला, "सर, तात्या पळतच नाहीत असं वाटतं, पण मागं पडत नाहीत." लांब धावण्याचे सारे शास्त्र ह्यात आले. शरीरात साखरेचा जो साठा असतो, तो जोराने धावल्यास दीड-दोन तासांत संपत येतो आणि मग पाय शिशासारखे जड होतात. सावकाश धावल्यास शरीर साठवलेली चरबी जास्त जाळते आणि साखर पुरवून वापरते. म्हणून नियम सोपा आहे: धावता धावता शेजाऱ्याशी सबंध वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले, की वेग कमी करावा.

दुसरा नियम असा, की सर्वांत सावकाश धावणाऱ्याने पुढे राहावे. आपण नेहमी उलटे करतो. दमदार पुढे जातात, थांबतात, विश्रांती घेतात. मागचा धापा टाकीत पोचतो तोच ते उठतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्याला ती मिळतच नाही. सावकाश चालणारा पुढे असला, म्हणजे सगळे एकत्र राहतात आणि कुणाला लाज वाटत नाही. दिंडीत वीणेकरी आपल्या चालीने चालतो आणि त्याच्या पुढे धावत सुटण्याचे कुणाला सुचत नाही, तसेच हे आहे.

पाण्याविषयी सिस्टरनी जे सांगितले, ते शिक्षकांनी लिहून घ्यावे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. जास्त मीठ घालू नये. घामातून पाण्याबरोबर मीठही जाते; तासन् तास नुसतेच पाणी भरपूर पीत राहिल्यास रक्तातले मीठ कमी होऊन चक्कर, ओकारी होऊ शकते. खायला गूळ-शेंगदाणे, केळे, उकडलेला बटाटा पुरे. बूट महाग नसले तरी चालतील, पण अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. लांब धावल्यावर पाय सुजतात. नखे काढलेली असावीत. डांबरी रस्त्यावर यावेच लागले, तर उजव्या बाजूने, समोरून येणारी वाहने दिसतील असे धावावे. आणि गावात कुत्री भुंकू लागली, की धावणे थांबवून चालावे. एवढे पाळले तर निम्मी संकटे टळतात.

तिसऱ्या दिवशी पाटोद्याहून सौताड्याकडे निघालो. ह्या टापूत भूगोलाचा एक धडा आहे, तो पुस्तकात एका ओळीत असतो. मांजरा नदी पाटोदा तालुक्यातल्या बालाघाटात उगम पावते आणि पूर्वेला लातूर, बीदर करीत तेलंगणात गोदावरीला मिळते. सिंदफणाही याच तालुक्याच्या डोंगरांतली. ती उत्तरेला उतरून माजलगावावरून पुढे गोदावरीत जाते. पण सौताड्याला जी विंचरणा कड्यावरून खाली उडी घेते, ती दक्षिणेला जामखेडकडे वळते, सीनेला मिळते. सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला. म्हणजे माथ्यावर पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांपैकी एक गोदावरीचा होतो आणि दुसरा कृष्णेचा. तात्यांनी हे नीट ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हंजे पाणी बी हंगामाला जातंय म्हणा की, कुणी इकडं, कुणी तिकडं. पण गुरुजी, पाणी माघारी येत नाही." मग त्यांनी वाटेतला एक जुना नालाबांध दाखविला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे १९७२ च्या दुष्काळात त्यांच्या आईने असल्याच कामांवर खडी फोडली होती. त्या बांधाच्या वर पाणी मुरलेले होते आणि खालच्या विहिरीवर कांदा उभा होता. नकाशावर हे दिसणार नाही.

सौताड्याच्या कड्यावर पोचलो तेव्हा धबधब्याची धार बारीक झालेली, पण अखंड होती. खाली दरीत रामेश्वराचे देऊळ. पायऱ्या उतरून गेलो, पाय पाण्यात सोडून बसलो. कुणी घड्याळ पाहिले नाही. आम्ही सहाही जण बरोबर पोचलो, ही एकच गोष्ट सगळ्यांना मोठी वाटली.

तिथून पश्चिमेला आपल्याच जिल्ह्याचा आष्टी तालुका आहे, आणि आष्टीतले मांडवा हे गाव आता साऱ्या जगाच्या खेळाडूंना माहीत झाले आहे. अविनाश साबळे तिथला. शेतकऱ्याचा मुलगा. शाळेसाठी रोज सहा-सात किलोमीटर चालत, पळत जाणारा. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनच्या बर्फात राहिला. आणि हे पाहा, त्याची खरी सुरुवात मैदानावरच्या शर्यतीने झाली नाही. २०१५ मध्ये सैन्यातल्या क्रॉस कंट्री स्पर्धेत, म्हणजे माळरानातून लांब धावण्याच्या शर्यतीत, तो उतरला. त्यानंतर तो तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळला, जिच्यात २८ आडवे अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक. पहिल्या आलेल्या केनियाच्या धावपटूत आणि त्याच्यात एका सेकंदाच्या विसाव्या भागाचे अंतर होते. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. आणि २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम.

हे सांगितले की आमची मुले विचारतात, "सर, आम्ही पण साबळे होऊ का?" एखादा होईल, सगळे होणार नाहीत. परंतु रानातून, सोबत्यांबरोबर, लांब आणि सावकाश धावणे हा जो पाया आहे, तो सगळ्यांना मोकळा आहे.

आपल्या मुलखातून सर्वांनी मिळून धावण्याची ही रीत जगात इतरत्रही आहे. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर, समुद्राच्या काठी, बास्क नावाच्या लोकांचा डोंगराळ मुलूख आहे. त्यांची भाषा आजूबाजूच्या कोणत्याही भाषेच्या कुळातली नाही. समुद्रालगतच्या टेकड्यांवरून त्यांच्या गावागावांना जोडणाऱ्या जुन्या पायवाटा आहेत. सान्तियागोच्या यात्रेला जाणारे लोकही शतकानुशतके त्या किनाऱ्याच्या वाटेने चालत आले. सुट्टीच्या दिवशी मित्रांची टोळकी त्या वाटांनी धावतात. आणि १९८० पासून ते आपल्या भाषेसाठी एक मोठी धाव काढतात. तिचे नाव 'कोरिका'. दोन हजारांहून अधिक किलोमीटर, दिवस-रात्र न थांबता, गावामागून गाव. हातात एक दांडा असतो, त्यात एक संदेश दडवलेला असतो. तो हातोहात पुढे जातो आणि अखेरच्या गावी उघडून वाचतात. लहान मूल, म्हातारा, दुकानदार, कुणीही थोडे अंतर धावते. तिथे कुणाला पहिला नंबर मिळत नाही. आपल्या वारकऱ्याला हे सारे लगेच समजेल.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. तिसरी ते पाचवीला 'परिसर अभ्यास' आपण शिकवितो. वर्षातून चार वेळा तो पायांनी शिकवावा. लहान वर्गांना दोन-तीन किलोमीटर पुरे: थोडे चालणे, थोडे धावणे, वाटेत थांबून ओढा कुठून येतो ते पाहणे. मोठ्या मुलांना गावापासून शेजारच्या गावापर्यंत शेतवाटेने न्यावे. पालकांना आधी सांगावे. ताप असलेल्या, उपाशी आलेल्या मुलाला धावू देऊ नये. छातीत दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते असे कुणी म्हणाले, की तिथेच थांबावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. मुलींना मागे ठेवू नये. बरोबर एक शिक्षिका किंवा गावातली एखादी ताई असावी. शिट्टी जवळ ठेवावी, पण निकालासाठी नव्हे. कुणी मागे राहिले तर सर्वांना थांबविण्यासाठी. परत आल्यावर प्रत्येकाने वाटेत पाहिलेली एक गोष्ट फळ्यावर लिहावी.

आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी आठवड्यातला एक दिवस घड्याळ घरी ठेवावे. चार जण जमवावे, हमरस्ता सोडावा आणि आपल्या तालुक्यातली एखादी टेकडी, एखादे तळे, एखादी जुनी बारव गाठून यावे. त्याने तुमचा दम वाढेल, रस्त्यावरचा धोका टळेल. जो मुलूख पोटासाठी सोडून जावा लागतो, त्याची एकदा दिवसाउजेडी नीट ओळख करून घेणे हेही काही लहान काम नव्हे. आमचे तात्या पुढच्या वर्षी धारूरच्या किल्ल्यावरून अंबाजोगाईला जायचे म्हणतात. त्या भरतीच्या तरुणाने आत्ताच नाव नोंदविले आहे, आणि पुढे कुणी राहायचे हेही त्या दोघांनी ठरविले आहे: तात्यांनी.